अनंतबुवांची डबी

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं; सतरंजी पुढे मोकळीच आहे, आणि पुढे बसणाऱ्याला काही जास्त दक्षिणा पडत नाही. आज एक गोष्ट सांगायची आहे. देवाची म्हणाल तर देवाची, डॉक्टरांची म्हणाल तर डॉक्टरांची. मन लावून ऐकलीत, तर घरी जाताना एक माणूस बरोबर घेऊन जाल, एवढं वचन.

गोष्ट पूर्णिमाची. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, एसटीडीच्या पिवळ्या बूथशेजारी सायबर कॅफेच्या पाट्या लागत होत्या, आणि ज्याचा मुलगा अमेरिकेला गेला नाही त्याला लग्नाकार्यात दुसऱ्या पंगतीला बसवायचे. त्या दिवसांत पूर्णिमाचा भाऊ योगेश नोकरीसाठी वर्ध्याहून पुण्याला आला आणि त्याच्या मागोमाग ती आली. धायरीला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भाऊ कॉम्प्युटरपुढे बसू लागला, आणि बहिणीला एका इस्पितळात काम मिळालं. काम मोठं मजेशीर. ब्लडप्रेशरची माणसं डॉक्टरांनी दिलेली गोळी खरोखर घेतात का, ते मोजायचं.

त्या कामाचे प्रमुख डॉक्टर सौमित्र. वयानं तरुण, बोलायला मऊ. ते म्हणायचे, "पूर्णिमा, माणसं डॉक्टरांशी खोटं नाही बोलत. देवाशी बोलतात तसं बोलतात. जे घडायला हवं होतं, ते घडलं म्हणून सांगतात."

म्हणून परदेशातून डब्या मागवल्या होत्या. दिसायला साधी गोळ्यांची डबी. पण झाकणात एक बारीक चकती. झाकण उघडलं की तारीख आणि वेळ त्या चकतीत आपोआप नोंदली जायची. महिना झाला की पूर्णिमा घरोघर जाऊन पाऱ्याच्या यंत्रानं प्रेशर बघायची, जुनी डबी घेऊन नवी द्यायची. इस्पितळात ती डबी कॉम्प्युटरला जोडली की पडद्यावर ठिपके उमटायचे. दर वेळी उघडलेल्या झाकणाचा एक ठिपका. कुणाचे ठिपके रांगोळी सांडल्यासारखे विखुरलेले, कुणाचे पहिल्या आठवड्यातच संपलेले.

आणि नारायण पेठेतल्या अनंतबुवांचे ठिपके? वीणेच्या तारेसारखे सरळ. रोज सकाळी, पूजेच्या वेळेला, एकही दिवस खाडा नाही.

अनंतबुवा म्हणजे कीर्तनकार. बँकेतून निवृत्त झालेले, पण अंगावर उपरणं आलं आणि हातात झांजा आल्या की बँक कुणाला आठवत नसे. आवाज असा, की रामाच्या देवळात षड्ज लागला तर बाहेर चप्पल काढणारा माणूस एक पाय चपलेत ठेवून तसाच उभा राही. पेटीवर त्यांच्या पत्नी, सुहासिनीकाकू. चाळीस वर्षं दोघांनी एका सुरात संसार केला आणि एरवी दिवसभर भांडण केलं.

त्यांच्या दारावर पाटी होती: 'आत गाणे चालू असल्यास थांबावे. बेल सुरात नाही.' पूर्णिमा पहिल्यांदा गेली तेव्हा अर्धा तास जिन्यात उभी होती. दार उघडताच ती "नमस्कार जी" म्हणाली, तर बुवा म्हणाले, "नागपूरकर का?"

"मी वर्ध्याची जी."

"तेच ते. आपल्याला स्वारगेटच्या पलीकडे सगळं सारखंच."

"त्यांचं मनावर घेऊ नकोस गं," आतून काकू म्हणाल्या. "त्यांना धायरीसुद्धा परदेश वाटतो."

दर महिन्याला काकू तिला सांजा खायला घालत, बुवा तिच्या वैदर्भी 'काहून'ची नक्कल करत. पूर्णिमाचे वडील गावाकडे खंजिरीवर भजन म्हणायचे. ते गेल्यापासून तिच्या कानाला एक उपास घडत होता, तो या घरात सुटला. एकदा बोलता बोलता ती बोलून गेली, "बुवा, तुमचे ठिपके आहेत म्हणून माझी नोकरी आहे. बाकीच्यांचे बघून साहेब कपाळाला हात लावतात." बुवा तिच्याकडे पाहून हसले.

एकच गोष्ट जुळत नव्हती. ठिपके सरळ होते, पण यंत्रातला पारा खाली यायला तयार नव्हता. उलट चढत होता. डॉक्टर सौमित्र पडद्याकडे बघत म्हणाले, "इतकं नियमित घेऊन उतरत नाही, म्हणजे गोळी कमी पडतेय. दुप्पट करू." तसं त्यांनी लिहूनही दिलं. शिवाय मुंबईला डॉक्टरांची मोठी सभा भरायची होती. तिथे दाखवायला त्यांनी सगळ्यांतून बुवांचेच ठिपके निवडले होते.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पूर्णिमा बुवांच्या कीर्तनाला गेली. शेजारी सुखदेव बसलेला, दत्तवाडीचा रिक्षावाला, तिच्याच यादीतला. पूर्वरंगभर तो तोंडाला रुमाल लावून ठसकत होता.

"दवाखान्यात जा ना दादा," ती कुजबुजली.

"दवाखान्यातूनच आणलाय, ताई. तुमच्याच गोळीचा प्रसाद. सुरू केली तेव्हापासून हा कोरडा खोकला. साहेब म्हणाले, काहींना होतं."

आणि नेमक्या त्याच क्षणी बुवांनी तान घेतली. लांबच लांब, वर चढत गेलेली, कळसाला वळसा घालून अलगद खाली उतरलेली. माणसं डोलली. पूर्णिमा मात्र गार पडली. बुवांना हीच गोळी होती. पहिल्या महिन्यात ती गेली तेव्हा तेही असेच ठसकत होते. दुसऱ्या महिन्यात खोकला गेला होता, आणि तिला वेडीला त्याचा आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नारायण पेठेत हजर. आत पूजा चालली होती. बुवांनी देवाला तुळस वाहिली, मग डबी उघडली. टक्. गोळी काढून देवापुढे ठेवली, हात जोडले. आणि कालच्या फुलांबरोबर ती गोळीही उचलून निर्माल्याच्या तबकात ठेवली.

"बुवा, हे काय जी?"

बुवांनी मान वळवली. चोरी सापडली म्हणून चेहरा पडावा, तर तसं काही नाही. "डबी रोज उघडतो. तुझा ठिपका पडतो. तुझी मान साहेबांपुढे ताठ राहते. आणखी काय हवं?"

"पण गोळी?"

"ती घेतली की घसा धरतो. घसा माझा नाही पूर्णिमा, त्याचा आहे." त्यांनी देवाकडे बोट केलं. "आणि औषध केरात कसं टाकायचं? म्हणून निर्माल्यात."

तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या. निर्माल्य रोज त्याच उचलत आणि खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत घालत. त्यांनी तबकाकडे पाहिलं, मग कुंडीकडे. तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"म्हणजे त्या पांढऱ्या वड्या कापराच्या नव्हत्या?" काकू म्हणाल्या. "मी महिनाभर विचार करतेय, तुळस का वाळते म्हणून. अहो, माझ्या तुळशीचं प्रेशर उतरवलंत! स्वतःचं ठेवलंत तसंच!"

पूर्णिमाला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. ती म्हणाली, "काकू, माझ्या वडिलांनाही असंच प्रेशर होतं. कुणी मोजलं नाही. एका सकाळी तोंड वाकडं झालं. खंजिरी हातात होती, पण शब्द फुटेना. नंतर तीन वर्षं जगले, पण भजन नाही. बुवा, खोकल्यानं बसलेला आवाज परत येतो. तसा गेलेला नाही येत जी."

खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. काकूंनी कोपऱ्यातली पेटी पुढे ओढली, भात्याची खिटी लावून टाकली आणि वर शाल घातली.

"तुम्ही औषध घेईपर्यंत ही उघडायची नाही."

"अगं, रामनवमीचा उत्सव पंधरा दिवसांवर आला! पेटीशिवाय उभा राहू?"

"डबी आहे ना? ती वाजवा."

पूर्णिमा तिथून थेट इस्पितळात गेली. जिना चढताना तिला कळत होतं, आपण साहेबांचा सगळ्यांत सुंदर कागद फाडायला निघालो आहोत. तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर सौमित्रांनी पडद्यावर ती सरळ ओळ पुन्हा काढली.

"आणि मी दुप्पट गोळी लिहून बसलो," ते हळूच म्हणाले. "बोलाव त्यांना."

बुवा आले, काकूही आल्या. डॉक्टर म्हणाले, "खोकला येतो हे मला सांगायचं नाही का?"

"आपण विचारलंत कुठे? आपण डबीला विचारत होतात."

"आणि तुम्ही डबीच्या तोंडून थापा मारत होता."

यावर बुवांनी पहिल्यांदा मान खाली घातली. मग डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. "हिनं खोकला येत नाही. पाय जरा सुजतील कदाचित."

"पायांनी कोण गातंय?" काकू म्हणाल्या.

पण बुवा पडले पेठेतले. गोळ्यांची पट्टी खिशात घातली आणि घरी येऊन म्हणाले, "उत्सव होऊ दे. नव्या गोळीचा भरवसा काय? उत्सवात घसा धरला तर रामरायाला काय सांगू?" काकूंनी वाद घातला नाही. पेटीवरची शाल तेवढी नीट केली. दोघं एकमेकांशी बोलत होती, जेवत होती, भांडतही होती. पण त्या घरातून पंधरा दिवस सूर उमटला नाही. पूर्णिमा चौकशीला जाई तर दारावरच्या पाटीचा काही उपयोगच नव्हता.

उत्सवाचा पहिला दिवस उजाडला. देऊळ भरलं. बुक्क्याचा, मोगऱ्याचा वास, पंख्यांची घरघर. बुवा नारदाच्या गादीवर उभे राहिले. काकूंनी पेटी आणली होती, समोर ठेवली होती, पण शाल तशीच. हात मांडीवर. तबलजी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. श्रोत्यांत चुळबुळ झाली.

बुवांनी नमन सुरू केलं. एकट्यानं. पहिली ओळ झाली, दुसरी लागली, आणि ज्या जागी चाळीस वर्षं पेटीचा सूर खाली येऊन हात द्यायचा, त्या जागी कुणी नव्हतं. बुवा थांबले. काकूंकडे पाहिलं. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात मांडीवरून हलले नाहीत.

तेव्हा बुवांच्या लक्षात आलं असावं, की ही बाई रागावलेली नाही. घाबरलेली आहे.

त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. त्यात गोळ्यांची पट्टी होती. पंधरा दिवस जवळ बाळगलेली. पुजाऱ्याला म्हणाले, "तीर्थ द्या." आणि भरल्या देवळात, रामासमोर, तीर्थाबरोबर गोळी गिळली. मग श्रोत्यांकडे वळले. "मंडळी, आजवर मी या रामरायाला सांगत होतो, गळा तुझा आहे. पण त्यानं दिलेली वस्तू जपायची सोडून त्यालाच परत वाहत होतो. आता आमच्या यजमानीणबाई परवानगी देतील तर पुढे जाऊ."

पहिल्या रांगेत पूर्णिमा बसली होती. तिला आधी शाल सरकल्याचं दिसलं, मग खिटी निघाल्याचा आवाज आला, मग भात्यानं घेतलेला मोठा श्वास. आणि सूर. त्या दिवशीचं कीर्तन ज्यांनी ऐकलं ते अजून त्याबद्दल बोलतात.

खोकला आला नाही. पाय मात्र सुजले. बुवा गादीशेजारी स्टूल ठेवू लागले आणि आख्यान बसून सांगू लागले. महिन्याभरात पारा उतरला. डॉक्टर सौमित्रांनी मुंबईला ते सरळ ठिपके दाखवलेच; सोबत वाळलेल्या तुळशीची हकीकतही सांगितली. पुढे पूर्णिमा कुणाच्याही घरी गेली की डबीला हात लावण्याआधी विचारायची, "या गोळीनं काही त्रास होतो का जी?" मग माणसं बोलायची. कधी तासभर.

किती वर्षं झाली आता. डब्या परत गेल्या, ते काम संपलं. योगेशनं खराडीला बाराव्या मजल्यावर घर घेतलं. पूर्णिमा जवळच राहते. तिच्या खिडकीतून काचेच्या इमारती दिसतात. संध्याकाळी तिथे हजारो दिवे लागतात, पण कुठून झांज ऐकू येत नाही. सुहासिनीकाकूही गेल्या. झोपेतच, शांतपणे.

मागे एका सकाळी पूर्णिमा नारायण पेठेत गेली होती. दारावरची पाटी तशीच. बुवा नव्वदीला टेकलेले, आवाज पातळ झालेला. खिडकीतली तुळस मात्र दाट. पूजा झाली. बुवांनी साध्या पट्टीतली गोळी काढली, शाल घातलेल्या पेटीवर क्षणभर ठेवली, आणि तीर्थाबरोबर घेतली.

"बुवा, आता कोण मोजतंय?" तिनं विचारलं.

"कुणी नाही," बुवा म्हणाले. "पण वर गेल्यावरही गायचंय ना मला? तिनं तिथंही पेटी मिटून ठेवली तर काय करू?"

तर मंडळी, आरतीला उभं राहण्याआधी एकच मागणं. उद्या सकाळी तुमच्या घरातलं कुणी गोळी हातात घेऊन "आज राहू दे" म्हणेल, तेव्हा सुहासिनीकाकूंची आठवण काढा. डोळे वाहत असताना मांडीवरून न हललेल्या त्यांच्या त्या दोन हातांची आठवण काढा.