गोबनेटचं माप

हॅनानं रिबिनीचं टोक मूर्तीच्या पायाशी अंगठ्यानं दाबलं, रिबीन डोक्यापर्यंत ताणली, मग मूर्तीभोवती फिरवून घेतली. लगेच दुसरी काढली. संत गोबनेटची ही जुनी लाकडी मूर्ती चर्चमध्ये तिच्या सणालाच बाहेर येते. तिच्या मापाची रिबीन दुखऱ्या जागी बांधली की आराम पडतो, असं आयर्लंडच्या बॅलीव्हर्नी गावात सगळे मानतात. न मानणारेही रांगेत असतात.

"आणखी दोन?" मागून शेजारची पेग म्हणाली. "दुकान काढताय का गं घरात?"

"कॉनीला गुडघे दोन आहेत."

पेग हसली. हॅनाला हसू येईना. काखेजवळ गाठ लागली होती, आणि गुरुवारी कॉर्कच्या दवाखान्यात तपासणी होती. नवऱ्याला सांगायची तिची छाती होत नव्हती. नाताळाआधीच कॉनीच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. ताण अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुरुवारी बहिणीकडे पडदे लावायला जाते, अशी थाप तिनं परवा मारली होती. आता वाटत होतं, पडद्यांना कोणी अख्खा दिवस लावतं का?

बाहेर प्रदक्षिणा घालताना तिचा आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चुकला. शेवटी गोबनेटच्या विहिरीचं पाणी प्यायली आणि घराकडे निघाली. खिशातली दुसरी रिबीन ती सारखी चाचपत होती.

दाराशी कॉनीचे बूट चिखलानं भरलेले होते. कोंबड्यांकडे गेला असेल, असं म्हणून तिनं ते बाजूला सारले.

"भेटली का तुझी बाई?" शेगडीशी बसलेला कॉनी म्हणाला. दरवर्षी तो असाच टोमणा मारायचा. "माझी चौकशी केली का?"

"विचारत होती, माणूस सुधारला का म्हणून."

ती खाली बसली आणि त्याच्या गुडघ्याला रिबीन बांधली. मग त्यानं शर्टाच्या खिशातून एक निळी रिबीन काढली.

"ही कुठली?"

"सकाळी चर्चचं दार उघडलं तेव्हा मीच पहिला होतो. पेगनं पाहिलं तर असं बघत राहिली, जणू मी मेल्यावर उठून आलोय."

चाळीस वर्षांत तो त्या मूर्तीजवळ फिरकला नव्हता.

"काल कॉर्कहून फोन आला होता," तो म्हणाला. "पडद्यांची वेळ बदललीय. अकराला बोलावलंय. नऊला निघू."

हॅना उठायला गेली, पण तिथंच बसली.

"कॉनी, तुझं हृदय..."

"माझं मी बघतो. कुठे बांधू, तेवढं सांग."

हॅनानं कोटाची बटणं काढायला घेतली.