पहाडाची पाठ

मित्रांनो, मी एक जुना काळापांढरा सिनेमा आहे. भुताखेतांची टिंगल करणारा, लोकांना पोट धरून हसवणारा. गोल पत्र्याच्या डब्यांत माझी फीत गुंडाळून ठेवलेली असते. हसवणाऱ्याचं आयुष्य मजेत गेलं असेल, असं तुम्हाला वाटेल. कसलं काय! मी उभा जन्म मारच खाल्ला, आणि लोकांना दाखवला तोही मारच.

माझी गोष्ट साधी आहे. एका भित्र्या न्हाव्याला डोंगरावरच्या किल्ल्यात दाढी करायला बोलावतात. गिऱ्हाइकं कोण, तर रक्त पिणारा एक सरदार, पौर्णिमेला अंगभर केस फुटणारा एक लांडगामाणूस आणि मेलेल्या माणसांचे तुकडे शिवून केलेला एक राक्षस. न्हावी लांडग्याला एका बाजूने भादरत जातो आणि दुसऱ्या बाजूने केस उगवत येतात. सरदाराला आरशात स्वतःचं तोंडच दिसत नाही, म्हणून 'दाढी नीट झाली नाही' असं म्हणत तो न्हाव्याचा गळा धरतो. मग जी हाणामारी सुरू होते ती शेवटपर्यंत थांबत नाही.

राक्षसाचं काम एका पैलवानाने केलं होतं. त्याला सगळे पहाड म्हणत. बायको वारलेली, घरी एक लहान मुलगी. कुस्तीवर पोट भरेना म्हणून तो स्टुडिओत आला. रोज सकाळी तोंडाला हिरवा रंग फासून घेई, कारण हिरवा चेहरा माझ्यात मेल्या माणसासारखा राखाडी उमटतो. न्हावी झालेला नट अंगाने काडीपैलवान, पण हात चालवायला लागला की मागेपुढे न पाहणारा.

शेवटच्या मारामारीत न्हावी खुर्चीवर चढतो, दिवा विझवतो आणि मग राक्षसाच्या डोक्यात दुसरी खुर्ची घालतो, असं ठरलं होतं. डोक्यात घालायची खुर्ची आधीच करवतीने अर्धी कापून मेणाने बुजवलेली असते. चढायची खुर्ची धड. ओळखायला कापलेलीवर खडूची फुली केली होती. पण मेणाच्या जागा कॅमेऱ्यातून पांढऱ्या दिसायला लागल्या, तेव्हा कॅमेरामनने ती रंगवायला सांगितली. रंगारी कामाचा चोख. एकच रंगवली तर दोन्हींची छटा जुळायची नाही, म्हणून त्याने दोन्ही रंगवल्या, फुलीसकट. ज्याने त्याने आपलं काम मन लावून केलं. नट कापलेल्या खुर्चीवर चढला, त्याच्या काडीएवढ्या वजनाने ती मोडलीही नाही, आणि त्याच्या हाती धड खुर्ची आली.

ती पूर्ण ताकदीने पहाडाच्या डोक्यात बसली. लाकूड मोडलं नाही. कानामागचं हाड मोडलं. हिरव्या तोंडावरून लाल रक्ताचा लोट वाहिला, पण माझ्यात तो काळाच उमटला, साखरेच्या पाकातल्या खोट्या रक्तासारखा. पहाड गुडघ्यांवर आला, मग खाली कोसळला. "चालू ठेवा, चालू ठेवा!" दिग्दर्शक कुजबुजला. त्याला वाटलं, गडी काय काम करतोय! भोवतालची माणसं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. मी एकटा बघत होतो, आणि मला थांबता येत नव्हतं.

पहाडाचा एक कान गेला आणि तोलही गेला. भिंत धरल्याशिवाय त्याला चालता येईना. उरलेलं काम दिग्दर्शकाने भागवलं. राक्षसाचे कपडे भुसा भरलेल्या बाहुल्याला घातले, त्याला उताणं पाडलं आणि न्हावी त्याच्या छातीवर पाय देऊन वस्तरा परजतो असं दाखवलं. थिएटरात सगळ्यात मोठा हशा तिथेच पिकायचा.

मी गाजलो, मित्रांनो. तिकिटाच्या खिडकीवर डोकी फुटली. पडद्यावर बाटल्या फुटल्या. यंत्राच्या दातांनी माझ्या कडा फाडल्या, दिव्याच्या आगीने मला जागोजागी जाळलं. पुढे रंगीत सिनेमे आले, तेव्हा माझ्या बाकीच्या प्रतींवर कुऱ्हाड चालली. फितीतली चांदी काढायला त्यांचे तुकडे करून उकळले. मी तेवढा एका थिएटरच्या माळ्यावर राहून गेलो.

पण माझं खरं दुःख वेगळं आहे. तुम्हाला मार बसतो तो एकदा. पहाडाला माझ्यात प्रत्येक खेळाला तोच घाव बसायचा, आणि प्रत्येक खेळाला लोक टाळ्या पिटायचे. मला त्या टाळ्यांची किळस यायची.

अलीकडे एकदा थिएटरवाल्यांनी जुना सिनेमा म्हणून मला पुन्हा लावायचं ठरवलं. बाहेर पाटी लागली. दुसऱ्याच दिवशी दुपारी एक बाई तरातरा जिना चढून सिनेमाचं यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरकाकांच्या खोलीत आल्या. शिवणकाम करणाऱ्या. पिशवीतून त्यांनी कापडाची मोठी कात्री काढून टेबलावर आपटली.

"राक्षसाच्या डोक्यात खुर्ची घालतात, तेवढं कापून द्या. नाहीतर मी कापते."

"अहो ताई, काय बोलताय? जगात ही एकच प्रत उरलीय."

"माझ्या घरीही बाबा एकच उरलेत."

ही पहाडाची मुलगी होती. पहाडाने मला कधीच पाहिलं नव्हतं. शुद्धीवर आला तेव्हा तो दवाखान्यात होता. नंतर गल्लीतली पोरं त्याला पाहून खुर्ची उचलत, उताणी पडून दाखवत आणि फिदीफिदी हसत. एकदा तिने त्यातल्या एकाला दगडाने रक्तबंबाळ केलं होतं. तेव्हापासून पहाड घराबाहेर बसेनासा झाला.

"आधी बघा तरी," काका म्हणाले. "मग फीत मी धरतो, कापा तुम्ही."

त्यांनी मला टेबलावर उलगडलं आणि दिव्यासमोरून हळूहळू सरकवलं. बाई भिंगातून बघू लागल्या. खुर्ची वर गेली, खाली आली, रक्त आलं. त्यांनी कात्री उघडून माझ्या कडेला लावली. मी जीव मुठीत धरला.

"थांबा. मागे घ्या." त्या वाकल्या. "हा डावा खांदा बघा. जमिनीला लागलेला नाही. कोपर रोवलंय त्यांनी."

"मग?"

"अहो, कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की माणूस चीत. शुद्ध जाताना पण बाबांनी पाठ लागू दिली नाही! आणि ते मात्र इतकी वर्षं धरून बसलेत की सगळ्या जगासमोर एका खुर्चीने आपल्याला चीत केलं." मग त्यांना पुढचं चित्र दिसलं. "हा उताणा कोण?"

"तो बाहुला. भुसा भरलेला."

"मग हा कापा."

"ताई, सगळ्यात मोठा हशा आहे हो तिथे."

"म्हणूनच."

काकांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी स्वतःच कात्री घेतली. मित्रांनो, मला पुष्कळांनी फाडलं, जाळलं, कापलं. हा एकच घाव मी सुखाने सोसला. बाहुला केराच्या टोपलीत गेला.

खेळाला बाई पहाडाला धरून घेऊन आल्या. दोघं मागच्या भिंतीलगत बसली. लोक हसत होते. लांडगा हजामत करून घेत होता, सरदार गळे आवळत होता. मग खुर्ची बसली आणि हशाचा स्फोट झाला. पण छातीवर पाय देणारा न्हावी आलाच नाही. पडद्यावर राहिला रक्ताने माखलेला एक माणूस, कोपर रोवून खांदा उचलून धरलेला. हशा मध्येच तुटला. कुणीतरी "अरे, लागलं वाटतं त्याला," असं म्हणालं.

त्या शांततेत पहाड मोठ्याने बोलला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा.

"टेकला नाही."

"नाही बाबा," मुलगी त्याच्या चांगल्या कानाशी म्हणाली. "टेकलाच नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. मलाही जपा. कोरड्या जागी ठेवा, हलक्या हाताने गुंडाळा. आणि मला दुरुस्त करायला बसाल तेव्हा कुठून तरी तो बाहुला शोधून पुन्हा चिकटवू नका. हशा थोडा कमी पडेल. पडू द्या.