भगवंतरावांच्या हातातला ग्लास

मी एक जुना ग्लास आहे, मित्रांनो. जुना म्हणजे तीनच वर्षांचा, पण काचेच्या जातीला तेवढं आयुष्य पुष्कळ झालं. माझ्याबरोबर पुण्याहून एकाच खोक्यातून आलेले पाच भाऊ केव्हाच फुटून गेले. माझं पोट गोल आहे आणि तोंड अरुंद. कारागिराने मला मुद्दाम तसं घडवलं. आत जे ओताल त्याचा वास पोटात साठावा आणि पिणाऱ्याच्या थेट नाकाशी जावा, एवढ्यासाठी माझा जन्म.

माझ्यात ओततात ते मोठ्या माणसांचं पेय, बिअर. बोईसरहून तारापूरकडे जाताना कारखान्यांची रांग जिथे विरळ होते, तिथल्या एका गोदामात अपेक्षाने ती बनवायची छोटी जागा काढली. चार टाक्या, सहा टेबलं आणि भिंतीवर चौकटीत लावलेला सरकारी परवाना. पुण्यात सहा वर्षं हे काम शिकून ती आपल्या गावी परतली होती. तिच्या मदतीला जवळच्या दांडी गावचा भावेश होता. वीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढलेला हा माणूस आता टाक्या धुवायचा, धान्य भरडायचा आणि समुद्राची आठवण आली की दाराशी जाऊन उभा राहायचा.

पहिली बिअर तयार झाली, तेव्हा अपेक्षाने मला धुऊन पुसून ती माझ्यात ओतली आणि मला आपल्या वडिलांच्या हातात दिलं. भगवंतराव त्यांचं नाव. तरुणपणी ते तासगावहून इकडे एका रसायनांच्या कारखान्यात आले आणि तिथूनच निवृत्त झाले. कारखान्यात त्यांच्या नाकाचं मोठं नाव होतं. एकदा यंत्राचा भोंगा वाजायच्या आधीच त्यांना गळतीचा वास लागला आणि त्यांनी अख्खी पाळी बाहेर काढली. ही गोष्ट अपेक्षा लहानपणापासून ऐकत आली होती.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चांगली म्हणालात तरच मी ही लोकांना देणार."

भगवंतरावांनी मला नाकाशी धरलं. सावकाश श्वास घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "छान जमलीय."

मित्रांनो, त्या वेळी मला जे कळलं, ते आणखी कोणालाच कळलं नाही. वास घेणाऱ्या माणसाचा श्वास माझ्या काठाशी येऊन क्षणभर अडखळतो. त्याची पापणी किंचित मिटते. गव्हाच्या त्या बिअरला पिकल्या केळ्याचा दरवळ होता. भावेशने मला नाकाशी नेलं, तेव्हा त्याला इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीम गावातल्या केळीच्या वाड्या आठवल्या. भगवंतरावांचा श्वास मात्र माझ्या तोंडावरून सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला. त्यांना कसलाच वास आला नव्हता.

पुढे प्रत्येक नवी बिअर आधी माझ्यात आणि मग त्यांच्या हातात, असा रिवाज पडला. चिकूची झाली, काळी कडवट झाली. ते आधी अपेक्षाच्या चेहऱ्याकडे पाहत, भावेश काय म्हणतो ते ऐकत आणि मग बोलत. इतकं बेताने बोलत की कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. मला वाईट वाटायचं. मी वास साठवत होतो आणि ते रिकाम्या हाताने परत जात होते. पण त्यांचा अंगठा माझ्या पोटावर फार मायेने टेकायचा. मुलीने आपल्याला विचारलं, याचा आनंद त्या बोटांत असायचा.

गेल्या हिवाळ्यात अपेक्षाने धुराची बिअर करायला घेतली. माहीमहून आंब्याची वाळकी लाकडं आणली. गोदामामागे एका पत्र्याच्या पिंपात त्यांचा धूर केला आणि मोड आणून वाळवलेलं जव त्यावर धरलं. दोन दिवस तिच्या केसांना, भावेशच्या सदऱ्याला तोच वास होता. ही बिअर तिला जिवापाड प्रिय होती आणि ती जमणं गरजेचंही होतं. गिऱ्हाईक रोडावलं होतं. विरारची हेतल नावाची एक बाई मुंबईच्या हौशी लोकांना ठिकठिकाणी नव्या बिअरी चाखायला घेऊन जायची. ती येऊन पाहणार होती. तिला आवडलं तर दर महिन्याला एक गट इथे येणार होता. नाही तर पावसाळ्यापर्यंतही जागा चालवणं कठीण, असं अपेक्षा भावेशला म्हणाल्याचं मी फडताळातून ऐकलं होतं.

त्या आठवड्यात अपेक्षाला सर्दी झाली. नाक इतकं चोंदलं की तिला कशाचाच वास येईना. तिने मला भरून भगवंतरावांच्या हाती दिलं आणि म्हणाली, "या वेळी सगळं तुमच्यावर, बाबा."

त्यांनी सवयीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण या वेळी तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, आता सांगतील. माझ्या पोटात धुराच्या जोडीला एक भलताच वास भरला होता, दवाखान्याच्या फरशीला येतो तसा. पण मला सांगता येत नाही, मित्रांनो. भगवंतरावांनी घोट घेतला आणि म्हणाले, "धूर चांगला लागलाय."

हेतल रविवारी आली, बरोबर चार माणसं. तिने गव्हाची चाखली, मान डोलावली. चिकूची चाखली, हसली. मग धुराच्या बिअरसाठी मला उचललं, नाकाशी नेलं आणि न पिताच खाली ठेवलं. चांगली बाई होती ती. लागेल असं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली की याला औषधाचा वास येतोय, पाणी तपासून पाहा. इतर चौघांनीही आपापले ग्लास तसेच ठेवले.

ते गेल्यावर भावेशने पाण्याचा फिल्टर उघडला. तो केव्हाच निकामी झाला होता. नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक तसंच टाकीत उतरलं होतं आणि धुराशी मिळून त्याचा हा वास झाला होता. भावेश मान खाली घालून म्हणाला, "ताई, वास मला आलेला. पन काकांनी बरी म्हटली, मग मी काय बोलनार? मला वाटलं, धुराची अशीच असल."

अपेक्षाने वडिलांकडे पाहिलं. भगवंतराव मला हातात घेऊन बसले होते.

"मला वास येत नाही, अपू," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले कारखान्यामुळे असेल, तापामुळे असेल, नक्की सांगता येत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू सगळं सोडून इथे आलीस आणि पहिला ग्लास माझ्या हातात दिलास. कोणी माझ्या हातात काही देऊन माझं मत विचारलं, याला फार दिवस झाले होते गं."

तिने टाकीचा नळ उघडला आणि सगळी बिअर मोरीत सोडून दिली. चारशे लिटर बिअर वाहून जायला फार वेळ लागतो. तेवढा वेळ ते दोघं एकमेकांकडे न बघता उभे होते.

नंतर भगवंतराव येईनासे झाले. अपेक्षाने मला धुतलंही नाही, तसंच वरच्या फळीवर ठेवून दिलं. माझ्या तळाशी वाळलेला डाग बसला, वर धूळ साठली. खाली नवे ग्लास आले होते, त्यांची किणकिण मला ऐकू यायची. रागावलेल्या घरातली वस्तू कशी असते, ते त्या तीन आठवड्यांत मला समजलं.

मग एका सकाळी दारात पुष्पलताबाई दिसल्या, म्हणजे अपेक्षाची आई. दारूच्या जागेत पाऊल टाकणार नाही, असं म्हणून त्या इथे कधीच आल्या नव्हत्या. त्यांच्या मागे भगवंतराव होते, नवऱ्या मुलासारखे अवघडलेले. पुष्पलताबाईंनी पदराने खुर्ची पुसली, बसल्या आणि लेकीला म्हणाल्या की हे घरात नुसते बसून राहतात, माझ्याने बघवत नाही.

अपेक्षा म्हणाली, "आई, तुला माहीत होतं?"

"दूध करपून घरभर वास सुटला होता आणि हे शेजारी पेपर वाचत होते. तेव्हाच कळलं. ते बोलले नाहीत, मग मीही नाही बोलले. नऊ वर्षं नाकाचं काम मीच करते घरात. डाळ उतू गेली, गॅस राहिला, सगळं."

भगवंतराव बायकोकडे बघतच राहिले. ही गोष्ट त्यांनाही नवी होती.

अपेक्षा उठली. तिने मला खाली काढलं, गरम पाण्याने धुतलं, आणि फिल्टर बदलून नव्याने केलेली धुराची बिअर माझ्यात ओतली. वडिलांपुढे ठेवून म्हणाली, "वासाचं सोडा, बाबा. जिभेला काय लागतं, घशाला काय लागतं, तेवढंच सांगा. आणि खरं सांगा."

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. मग हळूहळू म्हणाले की जिभेवर ती जरा जड आहे, कडवटपणा मागून येतोय, फेस बारीक आहे. धूर घशाच्या डाव्या बाजूला खरवडतोय, लाकूड थोडं कमी चाललं असतं. अपेक्षा भराभर लिहून घेत होती. इतकं नेमकं तिला पुण्यातही कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि वास?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

पुष्पलताबाईंनी हात पुढे केला. "मी पिणार नाही हं," त्या म्हणाल्या आणि मला नाकाशी धरलं. त्यांचा श्वास माझ्या काठाशी अडखळला.

"सांग ना," भगवंतराव म्हणाले.

"आंब्याचं लाकूड आहे. पण आपल्या चुलीसारखं नाही, त्याहून मऊ. चूल विझून तासभर झाल्यावर, राख कोमट असताना येतो ना, तसा. आणि थोडा गूळ."

पुष्पलताबाईंनी मला परत नवऱ्याच्या हातात दिलं. भगवंतरावांनी दुसरा घोट घेतला, आणि या वेळी तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

हेतल पुन्हा आली की नाही, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. आली. दर महिन्याला नाही, पण दिवाळीनंतर दोनदा माणसं घेऊन आली. जागा अजून चालू आहे. फार जोरात नाही, पण बंद पडायची बोलणी आता मला ऐकू येत नाहीत. शनिवारी सकाळी नवरा-बायको दोघं येतात. पिंप पेटवायचं असलं की पुष्पलताबाई लाकूड हुंगून निवडतात, टाकी उघडली की भगवंतराव चाखतात. दोघांमध्ये ग्लास एकच असतो, मीच.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मला भडक वासाच्या साबणाने घासू नका, कोमट पाणी पुरे. आणि तुमच्या घरात कोणी हल्ली जरा जपून बोलत असेल, दुसऱ्याचं ऐकून मग हो म्हणत असेल, तर त्याला बाजूला बसवून विचारा. त्याला जे जाणवत नाही ते सांगायला वेळ लागेल. तुम्ही घाई करू नका. मग जे त्याला जाणवत नाही ते तुम्ही त्याला सांगा, सावकाश, एकेक शब्द शोधून.