चिखलावर टोचलेली टाचणी

थोरल्याच्या पोटात दुखत होतं आणि त्या दुखण्याचं नाव होतं धाकटा. धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, दहा वर्षांनी लहान. हलत्या बोटीवर उभं राहायलासुद्धा त्याला थोरल्यानेच शिकवलं होतं. वीस वर्षं धक्क्यावर कुणाला वाऱ्याचा अंदाज हवा असला की तो थोरल्याकडे यायचा. आता जो तो धाकट्याला विचारत होता, आणि कशाबद्दल, तर कचऱ्याबद्दल! समुद्राच्या तळाशी हरवून पडलेली जाळी वर काढायची, कारण धनी विसरला तरी जाळं मासे मारतच राहतं, असं हा सांगत फिरायचा. वर्तमानपत्रात फोटोही छापून आला, कुजक्या जाळ्यांच्या ढिगासोबत.

"हसतोय बघ कसा," थोरला बायकोला म्हणाला, "जसा काही देवमासाच धरलाय."

"तुमचा कुणी फोटो काढला नाही, हेच ना दुखणं?" ती म्हणाली. बायको चांगली होती, पण जखमेवर मीठ चोळायला कधी विसरायची नाही.

बोटी चालवणाऱ्या तांडेलांचा एक जुना नियम आहे. जाळं कुठे गमावलं ते सांगायचं नाही. जाळं अडकतं खडकात आणि खडक तिथे मासा. जाळ्याची जागा सांगितली की माशाचीही गेली. धाकट्याने तो नियम मोडून दाखवला. मच्छीमार सोसायटीच्या टेबलावर त्याने समुद्राचा नकाशा पसरला, शेजारी लाल टाचण्यांची डबी ठेवली आणि गोड बोलून बोलून बावीस तांडेलांना आपापल्या हरवलेल्या जाळ्यांवर टाचण्या टोचायला लावल्या. सख्ख्या मेव्हण्यालाही जी जागा सांगितली नसती, ती सांगायला ही माणसं रांगेत उभी राहिली, हे थोरल्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

"दादा, तुझीच राहिली," धाकटा चारचौघांत म्हणाला.

थोरल्याचा एक खडक होता. तिथे त्याने चार जाळी गमावली होती आणि तिथल्याच मासळीवर त्याचं नाव उभं होतं. गेली दोन वर्षं तिथला मासा कमी झाला होता, पण तेही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. खडक गेला तर हा चारचौघांसारखा एक तांडेल. त्याने टाचणी उचलली आणि खडकापासून सहा मैल दक्षिणेला टोचली. आपली जागाही वाचली, आणि धाकटा सगळ्या गावासमोर हात हलवत परत येईल तेही बघायला मिळणार. त्या दुपारी तो दोन घास जास्तच जेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच बोटी गेल्या. गुडघ्याचं निमित्त करून थोरला धक्क्यावरच बसला. दुपारी चार बोटी जाळ्यांचे ढीग घेऊन आल्या. पाचवी, धाकट्याची, अजून यायची होती; थोरल्याच्या टाचणीवर तो स्वतःच गेला होता.

'आता येईल तोंड पाडून,' थोरला मनात म्हणाला. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

बोट आली ती ओझ्याने खोल बसलेली. तिच्यावर शेवाळाने काळी पडलेली चार जाळी होती, त्यांत खेकड्यांची कवचं, माशांचे सांगाडे आणि तीन मेलेली कासवं. दोन वर्षं मासा का मिळत नव्हता ते थोरल्याला समजलं. आपली वीण त्याने लांबूनच ओळखली.

धाकट्याने त्याला बर्फाच्या खोलीमागे नेलं आणि एक गोणी हातात दिली. आत थोरल्याच्या जाळ्यांचे निळे बोये होते, जाळं तरंगतं ठेवणारे. "कापून ठेवलेत. कुणी ओळखायला नको. माझ्या माणसांनाही बजावलंय."

"तुला ही जागा माहीत होती?"

"तू मला पहिल्यांदा बोटीवर नेलंस ना, तेव्हापासून."

"आणि टाचणी?"

"दादा, तिथे तळाला नुसता चिखल आहे. चिखलात जाळं कधी अडकतं का? कुणाच्या ध्यानात यायच्या आत ती मी माझ्या वाट्याला घेतली."

जन्म समुद्रात घालवलेल्या माणसाने अशी चूक करावी! लहान पोरसुद्धा हसलं असतं. "मग इतक्या वर्षांत तू तिथे जाळं का नाही टाकलंस?" थोरल्याने चिडून विचारलं.

"ती तुझी जागा होती," धाकटा म्हणाला आणि हात धुवायला गेला.

फोटोचा हेवा थोरल्याने कसाबसा गिळला असता. हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना. हा आपल्यापेक्षा मोठा आहे, आणि कुणाला कळूही न देता मोठा आहे, याने त्याचा अगदी जीव जळला.

संध्याकाळी सोसायटीत सगळे जमले. सेक्रेटरीने विचारलं, "सगळ्यात मोठं ओझं कुठून निघालं?"

"दादाने दाखवलं तिथून," धाकटा म्हणाला. टाळ्या झाल्या, कुणीतरी थोरल्याची पाठही थोपटली. हवं होतं ते सगळं मिळालं होतं, पण भीक घातल्यासारखं.

थोरला उठला. "मी दाखवलं नव्हतं. मी खोटी जागा दाखवली होती, याने रिकाम्या हाताने यावं म्हणून." मग त्याने आपल्या खडकाची खरी दिशा सांगितली, अंतर सांगितलं, पाणी किती वाव खोल तेही सांगितलं. बावीस तांडेल कान टवकारून ऐकत होते.

तो बोलायचा थांबला. आता काय म्हणायचं, हे ठरवण्याआधी सगळ्यांनी धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं.