मंजुळाचे बोल

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना मंजुळा बोलायची. गायची नाही, बोलायची. पण त्या बोलण्याला वल्ह्याचा ठेका असायचा.

"भरती आली, होड्या आल्या, तू कुठं रे अडलास? भात निवला, दिवा इझला, मी जागी हाय."

बोलणं नवऱ्याशी, नामदेवशी. दोन वर्षांपूर्वी वादळात त्याची होडी गेली. प्रेत मिळालं नाही, म्हणून मंजुळानं कुंकू पुसलं नाही. सासू येसूबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. रडलं तर पोरगा मेला असं ठरेल.

चुलतदीर कमलाकांत बोईसरच्या कारखान्यात होता. लग्नाच्या हळदीत बेंजो वाजवायचा.

"वैनी, तुज्या बोलांना संगीत लावतो. कॅसेट काढू."

"माजा आवाज फाटक्या जाळ्यागत. कोन ऐकल?"

"साऱ्या किनाऱ्यावर वाजल गो."

सारा किनारा, म्हणजे नामदेव जिथं लागला असेल तोही. तेवढ्यासाठी ती कबूल झाली. "पन गायला सांगू नको."

बोईसरच्या एका खोलीत, आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगून, तिनं बोल म्हटले. ओळीओळीच्या मधे कमलाकांतनं बेंजो इतका हळू छेडला, की तिला वाटलं, समोरून कुणी हुंकार देतंय.

गावदेवीच्या जत्रेत दुपारी कॅसेट लागली. कर्ण्यातून आधी कमलाकांतचा आवाज आला, "कैलासवासी नामदेव यांच्या स्मृतीस अर्पण."

कारखान्यातल्या सोबत्यांच्या भजनांच्या कॅसेटी अशाच सुरू व्हायच्या. त्याला तो मान वाटला होता.

मग मंजुळाचा आवाज. बोल तेच होते. फक्त आता उत्तराची वाट कुणी बघत नव्हतं. बाया डोळे टिपू लागल्या. शेजारच्या मैनाबाईनं मंजुळाचा हात धरला, प्रेताच्या घरी धरतात तसा.

"वैनी, मान म्हनून घातलं गो," कमलाकांत पांढरा पडला होता.

मंजुळाला त्याचा राग आला नाही. गावानं मनात केव्हाच म्हटलेलं त्यानं मोठ्यानं म्हटलं होतं, इतकंच.

तिची नजर येसूबाईकडे गेली. म्हातारी बेंजोच्या ठेक्यावर गुडघा थोपटत होती. थोपटता थोपटता हात थांबला, आणि तिनं तोंडात पदर कोंबून हंबरडा फोडला.

कमलाकांत टेप बंद करायला धावला. मंजुळानं त्याला अडवलं.

"वाजू दे रे. मोठा कर. लोकांच्या देखत रडते हाय ती, तिचा आवाज त्यात बुडू दे."