कोंडाजीबुवाचा पिवळा भात

त्रेपन्न सालच्या पौषात भोसरीच्या शिवारात सकाळीच जत्रा लोटली होती. बायका हरभऱ्याची झाडं उलटीपालटी करून ओरडत होत्या, "अळी न्हाई! नावाला न्हाई!" आठवड्यापूर्वी घाट्याघाट्यात अळी वळवळत होती. मग कोंडाजीबुवा उगवला. त्यानं मंत्रानं अळी 'बांधली', शेताशेतात पिवळा भात उधळला आणि हुकूम सोडला, "मी सांगंपर्यंत शिवारात पाऊल टाकायचं न्हाई. टाकंल त्याचे डोळे जातील!" सारा गाव दारं लावून बसला. आता तोच गाव बुवाच्या पायांवर लोळत होता आणि बुवा तुपात बुडवून पुरणपोळ्या चेपत होता.

कुशाबाई मात्र आपल्या बांधावर सुन्न उभी होती. तिच्या हरभऱ्यात अळी जशीच्या तशी होती.

"बुवा, माझ्याबी वावरात तुमीच भात टाकला. मग असं का?"

बुवानं वावराकडे पाहिलं. हरभऱ्याला लागून ज्वारी होती आणि तिच्या कडेनं दोरीला टांगलेले रॉकेलचे डबे वाऱ्यानं खडखडत होते. कुशाबाई विधवा, गोफण फिरवायला घरात कुणी नाही, म्हणून पाखरं हाकायला तिनं ते बांधले होते. बुवानं ते डबे नीट पाहून घेतले. मग डोळे मिटून तो घुमू लागला.

"पाप हाय बाईच्या पोटात! नवऱ्याला हिनंच खाल्ला! मंत्र पापाला शिवत न्हाई!"

तिचा दीर दादू लगेच पुढे सरसावला. त्या वावरावर त्याचा कधीचा डोळा होता. "उकळत्या तेलातनं पैसा काढू दे हिला. हात भाजला तर वावर माझं, आन् हिनं गाव सोडायचा."

कढई चढली. कुशाबाईनं आशेनं गर्दीकडे पाहिलं. जिच्या बाळंतपणात तिनं रात्री जागवल्या होत्या ती ठकुबाई, नीट दिसावं म्हणून टाचा उंचावून उभी होती. दादूनं कुशाबाईचं मनगट धरलं आणि हात तेलात घातला. हात भाजला. तेलानं दुसरं काय करायचं होतं? पण गावानं बुवाचा जयजयकार केला.

शाळेतल्या शालनबाई त्या दिवशी पुण्याला गेल्या होत्या. परतल्यावर कुशाबाईच्या हाताला मलम लावताना त्यांनी विचारलं, "भात टाकला तेव्हाही ते डबे वाजत होते?"

"व्हय. काढणार कोण? आमी समदी घरात."

दुसऱ्या दिवशी शालनबाई चावडीवर गेल्या. "वावर दादूला देण्याआधी बुवांचीही परीक्षा घ्या. अर्ध्या वावराकडचे डबे मी काढते आणि साधा भात टाकते. उरलेल्या अर्ध्यात डबे राहतील, भात बुवांनी मंत्रून टाकायचा. आणि दारं लावायची नाहीत. लांब बसून बघायचं."

मास्तरीणबाईची फजिती बघायला गाव हौसेनं जमला. बुवा टाळाटाळ करत होता, पण भक्तांनीच त्याला उचलून आणला.

थोड्याच वेळात डबे काढलेल्या बाजूला साळुंक्या उतरल्या. त्यांनी भात टिपला आणि मग झाडांवरच्या अळ्या ओढून काढू लागल्या. संध्याकाळपर्यंत ती बाजू साफ झाली. बुवाच्या बाजूला भात वाळत पडला होता आणि अळ्या घाटे पोखरत होत्या.

"हा मंत्र," शालनबाई म्हणाल्या. "भाताला पाखरं येतात आणि अळीला राहतात. तुम्ही घरात बसलात की त्यांना हाकणारं कुणी नसतं. डोळे जायची धमकी त्यासाठीच होती."

"घाला ह्याचा हात तेलात!" पहिला ओरडला तो दादू.

"तेलाला पापपुण्य कळत नाही, दादू. जो हात घालेल तो भाजेल. तुझा घालून बघ." दादू मागे सरला. "अळीनं हरभरा खाल्ला, साळुंकीनं अळी खाल्ली. बुवानं तुम्हाला खाल्लं आणि तुम्ही हिला. पाखरं निदान पोटापुरतं खातात. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवा, कारण शोधा, आणि तोवर कुणाचं मनगट धरू नका."

बुवाला फौजदाराच्या हवाली केलं. वावर कुशाबाईकडेच राहिलं. हरभरा काढणीला आला तेव्हा ठकुबाई रडत बांधावर आली. "चुकलं गं आमचं."

कुशाबाईनं एकमेकांना चिकटलेली बोटं तिच्यापुढे धरली.

"रडू नगंस. हरभरा उपट," ती म्हणाली. "माझी मूठ वळत न्हाई."