ठोक्यांमधलं अंतर

अग्निशमन दलात हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा सगळ्यांनाच बांधायला लावला होता, पण त्याचा खरा वैताग आला तो तोफेला. तोफ म्हणजे बंबावरची सर्वांत जुनी बाई. हे नाव तिच्या आवाजामुळे पडलेलं. सकाळी डोळे उघडले की पट्टा बांधून अंथरुणातच निपचित पडायचं आणि मोबाइलवर हिरवा रंग येतो की लाल, ते बघायचं. तिचा रोज लालच.

"अहो, ठोके किती नियमित आहेत बघा की!" ती दलाच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"तीच तर अडचण आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं कमीजास्त होत राहायला हवं. तुमचं नेहमीपेक्षा फारच एकसारखं झालंय. शरीर सतत ताणात आहे, विसावतच नाही."

"म्हणजे हृदय नीट चालतं, हाच माझा गुन्हा?"

घरी नवऱ्याने हे फारच मनावर घेतलं. ती भांडी घासत असो की बूट चढवत असो, याचं सुरूच, "शांत हो गं. श्वास सोड." शेवटी ती कडाडली, "आधी तू माझा पिच्छा सोड!" आतल्या खोलीत सासूबाईंनी हळूच दार लोटून घेतलं.

लाल काही हटेना. मग केंद्रप्रमुख साहेबांनी तिला बंबावरून उतरवून कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर बसवलं. स्वतः मात्र पट्ट्याला हातही लावला नव्हता. "असली खेळणी आम्हाला लागत नाहीत," म्हणायचे.

त्याच आठवड्यात कापसाच्या गोदामाला आग लागली. साहेब गोदामाच्या फाटकापाशी उभे राहून हुकूम सोडत होते, माणसं आत होती, आणि तोफ कानाला हेडफोन लावून नुसती चडफडत होती. तेवढ्यात गोदामातून वायरलेसवर आवाज आला, "साहेब, माळा खचतोय. बाहेर येऊ का?"

"पाणी वाढवा! पाणी!"

"साहेब, माळा खचतोय!"

"पाणी म्हणतोय ना मी!"

साहेब ओरडत होते, पण त्यांना ऐकूच येत नव्हतं. ऐन आगीत माणसाचे कान असे मिटतात, हे तोफेला ठाऊक होतं. तिने बटण दाबलं. "कंट्रोलवरून बोलतेय. नळी टाका आणि सगळे बाहेर या. आत्ताच्या आत्ता!"

तो आवाज ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही. शेवटचा माणूस दाराबाहेर पडला न पडला तोच माळा कोसळला.

साहेब परतले ते तणतणतच. "माझ्या हुकमावर हुकूम? मला कुणी काही सांगितलं तरी होतं का?"

तिने वायरलेसचं रेकॉर्डिंग लावलं. साहेबांनी ते ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि खुर्चीत बसले.

"उद्या पट्टा बांधा," ती म्हणाली.

कुरकुरत का होईना, त्यांनी बांधला. लाल! डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही काही दिवस आगीपासून लांब ठेवलं.

त्यामुळे आता दोघंही कंट्रोल रूममध्ये, एकाच टेबलाशी. साहेब बटण दाबून धरतात आणि बोलतच सुटतात.

"साहेब, दाबून बोलायचं असतं, सोडून ऐकायचं."

"माहितेय मला!"

"मग सोडा की!"

त्यांनी बटण सोडलं. पलीकडून बंबाचा चालक केव्हाचा रस्ता विचारत होता.